तळ्याकाठचं घर विकून

निवृत्त झालो तेव्हा मी हट्टाने मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेतली. पैसे कमी पडत होते, म्हणून बायकोला, आर्लिसला, तिच्या वडिलांनी बांधलेलं तळ्याकाठचं लाकडी घर विकायला लावलं. दर जुलैत तिच्या दोघी बहिणी तिथे राहायला येत. "आता आपणच त्यांच्या दारात जाऊन उभे राहू," मी म्हणालो. तिने सही केली.

तीन वर्षांत गाडी जेमतेम अकरा दिवस रस्त्यावर धावली. पुढे माझी नजर अधू झाली, आणि आर्लिसला एवढं धूड चालवायची भीती वाटे. मिनेसोटाच्या बर्फात गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची. कुणी विचारलं, की मी म्हणायचो, "पैसे वसूल झाले बघा!" आर्लिस खाली मान घालून कॉफी ओतायची.

यंदा मार्चमध्ये तिची थोरली बहीण इंगा वारली. अंत्यविधीहून परतताना आर्लिस एवढंच म्हणाली, "तीन उन्हाळे गेले रे, वर्लिन."

मला तिच्याकडे बघवेना. आठवड्याभरात मी गाडी मिळेल त्या किमतीला विकली. तळ्याकाठच्या घराच्या नव्या मालकांनी ते परत द्यायला नकार दिला, पण जुलैतला एक आठवडा भाड्याने दिला. धाकटी सॉल्वेग आली. दोघी बहिणी पाण्यात पाय सोडून बसल्या.

"वर्लिन, बाहेर ये की! आत काय करतोयस?" सॉल्वेगने हाक मारली.

"मासे तळतोय," मी ओरडलो. तव्यावर अजून तेलही पडलं नव्हतं.