तिला सांगा

बाबांच्या कानातलं यंत्र काढून सुनेनं तळहातावर घेतलं, नखानं त्याचं इवलंसं झाकण उघडलं आणि जुना सेल काढून नवा बसवला. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करणारी ती. बोटं असल्या बारीक कामाला सरावलेली होती. सुनावणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायला जागा नव्हती, त्यामुळे ती उभ्यानंच हे सगळं करत होती. यंत्र रुमालानं पुसून तिनं सासऱ्यांच्या कानात परत बसवलं आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं,

"आता येतंय का नीट?"

बाकावरच्या दोन-चार माना वळल्या.

"खरखरतंय," बाबा म्हणाले.

"अजून?"

"काय?"

"काही नाही!"

नवं यंत्र आणलं तरी बाबांची ही तक्रार काही थांबली नाही. दुकानदारानं दोनदा तपासलं आणि यंत्रात काही दोष नाही म्हणून दोन्ही वेळा हात वर केले. शेवटी घरच्यांनी नाद सोडला. बाबांशी बोलायचं म्हणजे घसा ताणून बोलायचं, हे घरात ठरूनच गेलं.

तेवढ्यात तिच्या वकीलबाई लगबगीनं आल्या. काखेत फायली, हातात अर्धा प्यालेला चहा. तिला भिंतीकडे घेऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, विचारतील तेवढंच बोलायचं. अबोल्याचा विषय आपणहून काढायचा नाही."

"आणि त्यांनी काढला तर?"

"तर खोटं बोलायचं नाही. पण पाल्हाळही लावायचं नाही."

तिनं मान हलवली. बाबा बाकाच्या कडेला काठी टेकून शांत उभे होते. त्यांच्या कानावर यातलं काही पडायचा प्रश्नच नव्हता.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दूरच्या एका गावी इस्पितळाची लिफ्ट बंद पडली, म्हणून कंपनीनं त्याला छोट्या विमानानं धाडलं, आणि ते विमान उतरता उतरता धावपट्टीच्या अलीकडेच पडलं. चूक आपली आहे हे विमान कंपनीनं लवकरच मान्य केलं. प्रत्येक घराला ठरावीक भरपाई मिळणार होती, तिच्यावरून वाद नव्हता. वाद होता तो पुढच्या भागाचा. जोडीदाराची सोबत कायमची गेली, त्याचीही भरपाई कायद्यात होती, आणि तिच्या बाबतीत विमान कंपनीचं म्हणणं असं पडलं की हा संसार आधीच मोडायला आला होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तसा जबाबच दिला होता. अपघाताआधीच्या आठवड्यात वरच्या घरातून सारखा आरडाओरडा ऐकू येत होता म्हणे. या बाईंना तिच्या नवऱ्यानं 'बातमीपत्र' असं नाव ठेवलं होतं, कारण त्या सकाळ-संध्याकाळ निघायच्या.

पैशांवर पाणी सोडायला ती एका पायावर तयार होती. पण मोडलेला संसार असं कुणीतरी निकालात लिहून ठेवणार, त्याखाली शिक्का बसणार, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि त्याहून अवघड गोष्ट ती वकीलबाईंनाही बोलली नव्हती. कंपनी म्हणते ते खोटंच आहे, असं ठामपणे म्हणायला तिच्याकडे तरी काय होतं? तो शेवटचा घराबाहेर पडला तेव्हा तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता.

सगळं सुरू झालं एका भिंतीवरून. रविवारी ती दुकानात मालाची मोजणी करायला गेली असताना त्यानं हौसेनं स्वयंपाकघराची भिंत रंगवायला घेतली. रंग वांगी. तोही चकचकीत. ती परत आली तेव्हा अर्धी भिंत झाली होती, हा शिडीवर, आणि चेहऱ्यावर कौतुकाची वाट पाहणारं हसू. तिनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "विचारायचं तरी." तो म्हणाला, "सगळं विचारूनच करायचं का?" झालं. उरलेली भिंत पांढरीच राहिली आणि घरात अबोला शिरला.

आता अबोला धरला तरी घर चालवावंच लागतं. चहा सांगावा लागतो, किल्ली कुठं आहे ते विचारावं लागतं. मग दोघंही बाबांशी बोलायला लागली.

"बाबा, तिला सांगा, मला आज यायला उशीर होईल."

"बाबा, त्याला सांगा, ज्यांना वांगी आवडतात त्यांनी स्वयंपाकघरात बसून जेवावं. आम्ही बाहेर जेवतो."

बाबा कानामागं हात नेऊन म्हणायचे, "काय?" मग तेच वाक्य पुन्हा, वरच्या पट्टीत. पुष्कळदा तिसऱ्यांदाही. बातमीपत्राच्या कानावर गेला तो हा आरडाओरडा.

त्या पहाटे तो निघाला तेव्हा ती जागी होती. दाराकडे पाठ करून, डोळे मिटून पडली होती. आता हा खोलीत येईल, 'निघतो गं' म्हणेल, आणि मग आपण सावकाश डोळे उघडायचे, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. तो दारापर्यंत आला, थांबला. मग पावलं स्वयंपाकघराकडे गेली, थोड्या वेळानं बाहेरच्या दाराची कडी हळूच वाजली. ती तरीही उठली नाही. हा माणूस परत आला की याला चांगला फैलावर घ्यायचा, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं होतं.

सुनावणीची खोली लहानशी होती. टेबलाच्या पलीकडे अध्यक्ष, पिकल्या केसांचे गृहस्थ, समोर पाण्याचा तांब्या. कंपनीचे वकील तरुण होते आणि बोलायला अगदी मऊ. तिला ते फार जपून प्रश्न विचारत होते, आणि त्यामुळेच तिला जास्त भीती वाटत होती.

"त्या सकाळी निघताना ते आपल्याशी काय बोलले?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"आमचा अबोला होता."

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"बरं. मग शेजारच्यांनी ऐकला तो आरडाओरडा कुणाचा?"

"आमचाच. बाबांना ऐकू येत नाही म्हणून."

"म्हणजे अबोलाही होता आणि आरडाओरडाही होता?"

"हो," ती म्हणाली. तिचं तिलाच ते खोटं वाटलं. मागं कुणीतरी खुदकन हसलं, आणि अध्यक्षांनी तिकडे नजर टाकल्यावर गप्प झालं. तिला म्हणावंसं वाटत होतं की अहो, आमच्या अबोल्यात सुद्धा दिवसभर बोलणं चालायचं, तुम्ही येऊन बघायला हवं होतं. पण पाल्हाळ लावायचं नाही असं बजावलेलं होतं. ती आपल्या जागी येऊन बसली.

मग बाबांना बोलावलं. ते काठी टेकत गेले आणि खुर्चीत ताठ बसले. उभं आयुष्य त्यांनी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढलं होतं. विंगेत स्टुलावर बसायचं, हातात संहिता, आणि नट अडखळला की पुढचं वाक्य प्रेक्षकांना कळणार नाही अशा बेतानं त्याला पुरवायचं. जन्मभर कुजबुजत बोलल्यामुळे त्यांचा आवाज अजूनही लहान होता.

कंपनीचे वकील पुढं झाले आणि एकेक शब्द सुटा करून ओरडले, "आजोबा! माझं! बोलणं! ऐकू येतंय?"

"एवढ्या मोठ्यानं नका बोलू," बाबा म्हणाले. "सगळं ऐकू येतं मला."

तिला वाटलं, ओठांवरून ओळखलं असेल. वकिलांनाही तसंच वाटलं असावं. ते कागद चाळायच्या निमित्तानं पाठ वळवून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कधीपासून येतं?"

"यंत्र आणलं त्या दिवसापासून. चांगलं यंत्र आहे. सूनबाईनंच पसंत केलं."

तिनं मान झटकन वर केली. बाबा तिच्याकडे पाहत नव्हते.

"मग घरात तसं सांगितलं का नाही?" वकिलांनी विचारलं.

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "सांगणारच होतो. पण तेवढ्यात या दोघांचं भिंतीवरून बिनसलं. दोघंही माझ्यामार्फत बोलायला लागली. एकदा मला खरंच कळलं नाही, म्हणून मी 'काय' म्हटलं. तर माझ्या लक्षात आलं की पहिल्यांदा सांगतात ते रागानं. दुसऱ्यांदा सांगताना राग निम्मा होतो. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की सांगणाऱ्यालाच हसू फुटतं. ही हसायची तोंड फिरवून. तो हसायचा फ्रिजमध्ये डोकं घालून. मग मी बहिराच राहिलो."

अध्यक्षांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"नट मध्येच थांबला की प्रॉम्प्टरनं घाई करायची नसते साहेब. विसरलाय की नुसता थांबलाय, ते आधी ओळखावं लागतं. ही दोघं विसरली नव्हती. थांबली होती, एवढंच."

वकील खाली बसायच्या बेतात होते. पण बाबांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी यंत्राला उगाचच हात लावला.

"निघायच्या आधी तो स्वयंपाकघरात आला. मी चहा ठेवला होता. ही झोपली आहे अशा समजुतीत होता तो, त्यामुळे हळू बोलला. म्हणाला, 'बाबा, तिला सांगा, तो रंग मलाही आवडलेला नाही. आलो की दोघं मिळून दुसरा लावू.' आणि मी..." ते थांबले. "मी सवयीनं म्हटलं, 'काय?'"

तिनं बाकाची कड धरली.

"मला वाटलं, आता हा मोठ्यानं सांगेल. हिच्या कानावर जाईल. काम फत्ते. पण हिची झोपमोड नको म्हणून तो मोठ्यानं बोललाच नाही. नुसता हसला. म्हणाला, 'राहू द्या. आल्यावर मीच सांगतो.'"

अध्यक्षांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढं सरकवलं. "हे तुम्ही सुनेला इतके दिवस का सांगितलं नाहीत?"

"कुठल्या तोंडानं सांगणार? निरोप माझ्याकडं दिला होता." बाबा पाणी प्याले नाहीत. "आणि दुसरं म्हणजे तो गेल्यावर घर फार गप्प झालं. मला ऐकू येत नाही म्हणून ही मोठ्यानं बोलते, तेवढाच घरात आवाज. मला येतंय म्हटल्यावर ती कशाला बोलली असती?"

कंपनीच्या वकिलांनी आणखी काही विचारायचं नाही असं सांगितलं. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या की निकाल यायला वेळ लागेल, पण संसार मोडल्याचं त्यांचं म्हणणं आता टिकायचं नाही. बोलताना त्यांनी तिचा दंड धरला होता, आणि तो सोडायला त्या विसरल्या.

बसच्या थांब्यापर्यंत ती बाबांच्या पुढं चालत राहिली. तिला त्यांचा राग आला होता, खराखुरा राग. रात्रीमागून रात्री तिनं ती कडी ऐकत काढल्या होत्या, आणि याच माणसाला भिंतीपलीकडे सगळं ठाऊक होतं. मागून काठीचा आवाज येत होता. तो मंदावला तशी तिचीही पावलं मंदावली. तो निरोप उराशी धरून हेही तितक्याच रात्री जागले असतील, आणि वर रोज आपलं ओरडणं ऐकून 'काय?' म्हणत राहिले असतील, असं तिच्या मनात आलं. राग गेला नाही, पण तिनं मागं वळून हात पुढं केला. बाबांनी तो धरला. दोघं बसमध्ये चढली.

खिडकीशी ती बसली, शेजारी बाबा. घरी गेल्यावर ती भिंत समोर येणार होती, अर्धी वांगी, अर्धी पांढरी. इतके दिवस तिनं तिला हात लावला नव्हता. अर्धीच सोडून गेला, असं मनाशी म्हणत ती रोज तिच्यासमोर भाकरी खात होती.

"बाबा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी ती आपल्या साध्या आवाजात बोलत होती.

"हं."

"काय म्हणाला तो? नीट सांगा."

बाबा किंचित तिच्याकडे कलले. विंगेतून द्यावं तसं, फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी वाक्य दिलं. "तिला सांगा, तो रंग मलाही आवडलेला नाही. आलो की दोघं मिळून दुसरा लावू."

बस सिग्नलला थांबली होती. चालकानं इंजिनही बंद केलं होतं. आत कुणी बोलत नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"काय?" ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला आणि तेच वाक्य पुन्हा, जरा वरच्या पट्टीत म्हटलं. पुढच्या सीटवरच्या माणसानं मान वळवून बघितलं.

तिनं रुमाल तोंडाशी नेला. तिचे खांदे हलत होते. रडते आहे की हसते आहे, ते बाबांना बाजूनं कळेना. त्यांनी घाई केली नाही. तिसऱ्यांदा सांगायच्या तयारीत ते काठी धरून बसून राहिले.