वैजूदादाचा आवाज

कोजागिरीला आमच्या घरात दूध सगळ्यांना, पण दिवा फक्त वैजूदादाला. थोरल्या लेकराला ओवाळायचं, असा रिवाज. आश्विनी म्हणतात त्याला. मी धाकटा. त्यामुळं आईनं पाट मांडला की मी लहानपणापासून पाटाच्या मागं उभा राहून दादाच्या डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरायचो. ताम्हणातला दिवा वर आला की भिंतीवर शिंगवाल्या वैजूची सावली. बाबा हसायचे, आई हसायची, दादा रडायचा. आता पन्नाशीला आलो, शिंगं काही सोडली नाहीत.

माझं औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान हाय. गिऱ्हाइकाला वाचायला पाटी देतो ना, तिच्यात मी खालच्या बारीक ओळीत लिहून ठेवलंय, "पैसे आधी द्या." नजर चांगली असल तो हसतो, नसल तो चष्मा घेतो. धंदा असा हसत खेळत चालतो. आणि आवाज काढायची कला तर अंगातच. आमच्या गारखेड्याच्या सोसायटीत असा एक माणूस नसल ज्याला मी दुसऱ्याच्या आवाजात फोन करून पळवला नाही. सेक्रेटरी अप्पाराव तर एकदा पालिकेच्या साहेबांना भेटायला इस्त्रीचे कपडे घालून खाली उभे राहिले. साहेब मीच होतो, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत.

पण माझा खास आयटम म्हणजे आई. यमुनाबाईंचा फोन. "हालोऽ, कोण बोलतंय? अहो, मी बोलतीये! मी म्हणजे कोण काय, मीच!" गच्चीवर हे केलं की लोक पोट धरून बसतात. आई समोर असली तर तीपण हसते, पदर तोंडाला लावून. बाबा गेल्यापासून घर लई सुनं झालं होतं. म्हटलं, आपण हसवत राहायचं. मायला, दुसरं येतंय काय आपल्याला?

दरसाल नवा माल लागतो. यंदाचा आईनंच पुरवला. गणपतीच्या दिवसांत एकदा चहा पिता पिता म्हणाली, "मंदार, पहाटं जाग येते ना, तेव्हा ह्यांचा खोकला ऐकू येतो रे. मी उठून आल्याचं पाणी ठेवायला जाते, मग आठवतं." मी म्हणालो, "मग दोन कप ठेवत जा, एक मला." ती कप विसळायला उठली. अन् दसऱ्याला सोनं द्यायला पाहुणे जमले, तेव्हा मी आधी बाबांचा खोकला काढला, मग आईच्या आवाजात, "अहो, आलं किसू का?" आपट्याची पानं हातात घेऊन लोक सोफ्यावर लोळले. आईपण हसली. पदर लावून.

तर परवाची कोजागिरी. दादा पुण्याला असतो, मोठ्या कंपनीत. पाच तासांचा रस्ता, पण त्याला सवड होत नाही. दोन-तीन वर्षं झाली, आई त्याला व्हिडिओवरच ओवाळते. मेघा, म्हणजे आमची बायको, मोबाईल पाटावर डब्याला टेकवून ठेवते, आई मोबाईलला कुंकू लावते. स्क्रीनला. मग मेघा आठवडाभर कुंकू पुसती.

यंदा दादा फोनच उचलंना. मेघानं तीनदा लावला. शेवटी मेसेज आला, मीटिंगमधे आहे, बघतो.

आई ताम्हण घेऊन बसलेली. नवं लुगडं, ताम्हणात निरांजन, सुपारी, बोटातली अंगठी काढून ठेवलेली. वात एकदा विझली, तिनं पुन्हा लावली. गुडघ्यांमुळं तिला गच्चीवर येता येत नाही. वर सगळी सोसायटी जमलेली, दूध उकळायला लागलेलं, केशराचा वास जिन्यापर्यंत येत होता.

"आई, तुम्ही दोन घास खाऊन घ्या ना," मेघा म्हणाली.

"नको गं. थोरल्याला ओवाळल्याशिवाय कसं? येईल त्याचा फोन."

आता इथं मी लई मोठा पुण्यवान असल्यासारखं सांगू शकतो की आईचं तोंड बघून माझ्या पोटात कालवलं. तसं काही नव्हतं. मला गंमत सुचली. दादाचा आवाज मला लहानपणापासून जमतो. आधी घसा खाकरायचा, मग "हंऽ, आई", मग दर वाक्यात एक ॲक्च्युअली टाकायचं. झाला वैजनाथ तयार.

मी मेघाच्या कानात म्हणालो, "दादाचा फोन येणारे आत्ता. स्पीकरवर टाक."

तिनं माझ्याकडं बघितलं. "अहो, नका. आईंसोबत नका."

"अगं, ती खूश होईल, जेवेल तरी. तू फक्त हसू नको."

वर गेलो. शेजारच्या नानासाहेबांना म्हणालो, "नाना, जरा फोन द्या, माझा चार्जिंगला हाय."

"बकरा कोण आज?" नाना म्हणाले. अन् खिशातून फोन काढून दिला. पाण्याच्या टाकीमागं जाऊन मी मेघाला फोन लावला. तिला नानांचं नाव दिसलं असणार, पण आईला ती अक्षरं दिसत नाहीत.

घसा खाकरला. "हंऽ, आई. अगं ॲक्च्युअली मीटिंग होती."

"वैजूऽ!" आईचा आवाज असा फुटला की मला टाकीला टेकावं लागलं, हसू दाबायला. "आला बाबा तुझा फोन! तोंड कुठंय तुझं? दिसंना."

"नेट नाही, आई. व्हिडिओ होत नाहीये. ॲक्च्युअली फोनलाच ओवाळ."

मग खालून बांगड्या वाजल्या. ताम्हणात अंगठी घरंगळल्याचा आवाज आला. ती पुटपुटत होती, औक्षवंत हो, सुखी राहा. इकडं पलीकडं अप्पाराव ओरडत होते, दुधात चंद्र दिसतोय या बघायला. मी एकटाच तोंडावर हात धरून थरथरत होतो. म्हटलं, आता ओवाळणीत काय मागते बघू, साडी मागितली तर दादाच्या नावावर बिल फाडू.

"वैजू," आई म्हणाली, "ओवाळणी मागू का?"

"माग की."

"मेघा, जा बाई, तू वर दूध घेऊन ये." मेघा गेली नसावी, कारण दार वाजलं नाही. पण आईला वाटलं गेली. मग आवाज खाली आला. "वैजू, मला तुझ्याकडं ने रे."

मी तोंडावरचा हात काढला.

"ऐकतोस ना? इथं मला काही कमी नाही. मेघा पोरगी चांगली आहे. मंदारपण वाईट नाही रे. हसवतो दिवसभर. पण मला त्याच्याशी बोलता येत नाही. मी काही बोलले की तो दुसऱ्या दिवशी माझ्याच आवाजात चारचौघांत करून दाखवतो. ह्यांचं सांगितलं एकदा. खोकल्याचं. कुणालाच सांगितलं नव्हतं. तेपण त्यानं दसऱ्याला केलं. ह्यांचा खोकला काढला, वैजू. हुबेहूब काढला. मला वाटलं, आलेच."

गच्चीवर टाळ्या पडल्या. कुणीतरी गाणं म्हणून संपवलं होतं.

"मग मी बोलणंच सोडलं. त्याला वाटतं मला कमी ऐकू येतं. येतं सगळं. नेशील ना? फार दिवस नाही. तुझ्याकडं जरा साधं बोलत बसेन. तू उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

माझ्याकडं दादाचे तीन शब्द होते. हंऽ, ॲक्च्युअली, अन् बघतो. आयुष्यभर मी त्याला त्या 'बघतो'वरून चिडवत आलो.

"बघतो, आई," मी म्हणालो.

"आणि हे मंदारला सांगू नको हं. तो हसेल वरून. पण वाईट वाटेल त्याला. लहान आहे तो."

फोन ठेवला. नानासाहेब दुधाचा पेला घेऊन आले. "काय मग, फसला का बकरा?"

"फसला," मी म्हणालो.

"मग आता यमुनाबाईंचा फोन होऊन जाऊ द्या! लोक थांबलेत."

"घसा बसलाय, नाना."

"आँ? आत्ता तर ठीक होता!"

खाली गेलो तर आई जेवायला बसली होती. तोंडावर असा उजेड की काय सांगू. "वैजूचा फोन आला होता," ती म्हणाली. "नेटच नव्हतं म्हणे बिचाऱ्याला."

"काय म्हणाला?"

"काही नाही. बरा आहे."

मेघा स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाली, "आता खरं सांगायला जाल तर तीपण तुमची गंमतच होईल. सांगू नका."

सकाळी बघतो तर आईच्या पलंगाशी तिची निळी पिशवी. दोन लुगडी, बाबांचा मफलर, गुडघ्याचं तेल. मी विचारलं, "कुठं स्वारी?" माझ्या तोंडाला सवयच ती, आवाज वर चढला. आई चपापली. "कुठं नाही रे. कपाट आवरत होते." अन् पिशवी पायानं पलंगाखाली सारली.

दुकानात जाऊन मी दादाला फोन लावला. स्वतःच्या आवाजात.

"दादा, आईला थोडे दिवस घेऊन जा. दिवाळीला ये अन् ने."

"मंद्या, आता काय नवीन?"

"नवीन काही नाही. तिला यायचंय तुझ्याकडं."

"ती तर मला कधी म्हणाली नाही. काल मी फोन करू शकलो नाही म्हणून चिडवतोयस ना? सांग सरळ."

"दादा, बाबांची शप्पथ."

"मागं तू बाबांची शप्पथ घेऊनच मला सांगितलं होतंस की आई घसरून पडली. मी रात्रभर गाडी चालवत आलो, अन् तुम्ही पत्ते खेळत होता. आठवतं?"

आठवत होतं. तेव्हा त्याचं तोंड मी वर्षभर करून दाखवलं होतं.

"ह्या वेळी खरंय, दादा."

"बघतो," तो म्हणाला.

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. आईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आज सरळ बोलायचं, काही झालं तरी. "आई, पहाटं जाग येती का गं अजून?"

तिनं माझ्याकडं बघितलं. लई वेळ. जशी गिऱ्हाइकं पाटीकडं बघतात, काय लिहिलंय ते अंदाजानं ओळखायला. "नाही रे. छान झोप लागते."

"बाबांची आठवण येती का?"

"येते की. सगळ्यांनाच येते." मग तिनं पदर तोंडाशी नेला. अजून मी काही बोललोच नव्हतो. हसायची तयारी करून ठेवली होती तिनं.

मला तिथं बसवंना. समोर बसलं की तिला माझं तोंड दिसतं, अन् ह्या तोंडावर तिचा भरवसा नाही. म्हटलं, फोनवर बोलू. तोंड नको, नुसता आवाज. नानासाहेबांच्या दारात गेलो, मुकाट्यानं फोन घेतला. माझ्या नंबरवरून कधी कुणी खरं ऐकलंय? गच्चीवर गेलो. कालच्या दुधाचे डाग अजून फरशीवर होते, मुंग्या लागलेल्या. मेघाचा फोन आईच्या खोलीतच असतो चार्जिंगला, अन् मेघा खाली भाजी आणायला गेलेली. फोन लई वेळ वाजला. मग हिरवं बटण सापडलं असावं तिला.

"वैजू?" मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली.

"आई, मी मंदार बोलतोय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, मी मंदार. गच्चीवरून बोलतोय. काल जे..."

ती हसली. बारीक, थकलेलं हसू.

"अगदी हुबेहूब रे वैजू! अगदी मंदारसारखा आवाज काढलास. तूपण शिकलास का हे?"

"आई, खरंच मी मंदार हाय. माझं चुकलं गं. ते खोकल्याचं मी करायला नको होतं. लई चुकलं."

"बघ, इथं फसलास," आई म्हणाली. "मंदार असं कधी म्हणायचा नाही."

मी तोंड उघडलं, पण आत काहीच सापडंना. एवढे आवाज येतात मला, सगळ्या सोसायटीचे येतात.

"वैजू," ती म्हणाली, अन् आता हसू गेलं होतं आवाजातलं, "तू नको रे असं करू. घरात एक तरी साधं बोलणारा राहू दे मला. नाही ना करणार?"

खाली रस्त्यावर फुलबाज्या विकणाऱ्याची गाडी चालली होती, आत्तापासूनच. मी घसा खाकरला.

"हंऽ, आई. नाही करणार."

"गुणाचा माझा तो. आता ऐक. आज पहाटं परत जाग आली होती बघ मला..."

मी टाकीला पाठ लावून खाली फरशीवर बसलो, अन् ऐकत राहिलो.