नामावळीतली सही

माझ्या भावाला पोलिसांनी उचललं ते रामकुंडावरून. आईच्या अस्थी सोडून तो पायऱ्या चढत होता. एकवीस नोव्हेंबर, सकाळचे अकरा. मी शेजारी उभी होते. कागदावर मात्र अटक चोवीसची. मधले तीन दिवस त्यांनी गिळले आणि ढेकरही दिला नाही.

सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे वेल्डर होता. म्हणे तांब्याची तार चोरली. खरा चोर पुढच्या महिन्यात सापडला, पण तोवर याच्या उजव्या हाताची बोटं ठेचून झाली होती. "हात महिन्याभरापूर्वी कामावर मोडलेला होता," असं फौजदाराने लेखी दिलं. ठाण्यातला कॅमेरा नेमका त्याच आठवड्यात बंद. तो नेहमी नेमकाच बंद असतो.

आम्ही मानवी हक्क आयोगाकडे गेलो. भरपाई हवी होती, आणि त्या फौजदारावर कारवाई. हात धड होता हे सांगणारी मी एकटी. "सख्खी बहीण दुसरं काय म्हणणार?" म्हणून त्यांचा वकील हसला. त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं.

मग आठवलं. उचललं त्याच सकाळी सावळीरामने आमच्या उपाध्यायांच्या वहीत सही केली होती. आमच्या घरातलं कोणी अस्थी घेऊन गेलं की वेणीमाधव गुरुजी नामावळी उघडतात, नोंद करतात आणि खाली सही घेतात. आजोबांपासूनचं सगळं त्या वहीत आहे.

मी गुरुजींच्या घरी गेले.

"नामावळी घराबाहेर जात नाही, चैताली. त्यात सिंहस्थ तोंडावर आलाय. पोलिसांशी वाकडं घेऊन मी घाटावर बसू कसा?"

"दक्षिणा घेताना तुम्ही आमच्या कुळाचे होतात. आता पोलिसांचे झालात का?"

मी नमस्कार न करताच जिना उतरले. आयुष्यात पहिल्यांदाच.

सुनावणीच्या दिवशी आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. फौजदार समोर मोबाईल बघत होता. तेवढ्यात गुरुजी आले, काखेत लाल कापडातलं गाठोडं. माझ्याकडे न बघता त्यांनी ते टेबलावर सोडलं आणि नामावळीतली सावळीरामची नोंद उघडली.

वकिलाने पानावरून नजर फिरवली. "यात तारीखच नाही. कार्तिक वद्य षष्ठी, शके एकोणीसशे शेहेचाळीस. हे काय?"

गुरुजींनी पिशवीतून त्या वर्षीचं पंचांग काढलं आणि बोट ठेवलं. "एकवीस नोव्हेंबर. पंचांग माझं नाही, बाजारातलं आहे. आणि ही सही याने माझ्यासमोर केली, उजव्या हाताने. खाली दुसऱ्या दिवशी आलेल्या यांच्याच गावच्या लोकांच्या नोंदी आहेत, म्हणजे ही मागाहून घुसडलेली नाही. त्यांनाही बोलवा."

सुनावणी घेणाऱ्या आयोगाच्या बाईंनी वही जवळ ओढून घेतली. सही गोल, ठसठशीत, शेवटी दोन टिंबं. फौजदाराने मोबाईल खिशात टाकला.

"वही पुराव्यात घ्या," बाई म्हणाल्या. मग सावळीरामचा जबाब लिहून झाला आणि कारकुनाने पेन पुढे केलं. "इथे सही."

सावळीरामने उजवा हात पुढे केला, मागे घेतला आणि डावा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला.

मला राहवलं नाही. मी उठले आणि उघडी वही त्या जबाबाशेजारी सरकवली. "बघा. मागच्या पानावर हा आजोबांचा अंगठा. ही वडिलांची सही, रात्रशाळेत शिकून केलेली. ही याची. सहीपर्यंत यायला आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या. यांनी तीन दिवसांत परत अंगठ्यावर नेऊन ठेवलं. याची भरपाई कशी करणार, तेही लिहा."

कारकुनाने बाईंकडे पाहिलं.

"लिहा," बाई म्हणाल्या.