पाण्याच्या टाकीपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी, डोंगरावर चालवायची सायकल आहे. जुनी म्हटलं तर आता कोणाला पटत नाही, कारण सांगाडा सोडला तर माझं जुनं असं काही उरलेलंच नाही.

पहिल्या मालकाने मला दगडधोंड्यांतून यथेच्छ पिटाळलं. मग त्याने मोटारसायकल घेतली आणि मी जिन्याखाली धूळ खात पडले. तिथून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आणलं. गिअर कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. ती माझ्या हिरव्या रंगावर भाळली. तिला एवढंच हवं होतं, की वडिलांबरोबर पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढावा. वडील जन्मभर सायकलवरून टपाल वाटत फिरलेले. लेक चाळिशीत सायकल शिकली, याचं त्यांना भारी कौतुक.

पहिल्याच रविवारी ते आपल्या काळ्या सायकलीत हवा भरून दारात उभे राहिले.

"चल गं, ऊन चढायच्या आत जाऊन येऊ."

"बाबा, हिचे ब्रेक जरा बरे बसवते. पुढच्या रविवारी नक्की."

ब्रेक आले. जाड नक्षीचे टायर आले. मग सीट बदलली, पॅडल बदलले, पुढचे धक्के खाणारे शॉकअप आले. दुकानदार सुचवायचा आणि ही मान डोलवायची. साखळी नवी घातली, तर ती जुन्या झिजलेल्या दात्यांवरून घसरायला लागली. मग दातेही नवे. बाबा दर रविवारी हवा भरायचे, विचारायचे आणि "बरं, होऊ दे तुझं" म्हणून एकटेच चक्कर मारून यायचे.

शेवटी एका शनिवारी हँडलच्या नव्या मुठी बसल्या. "बाबा, झालं सगळं. उद्या जाऊ," ती म्हणाली.

"मला आता जमायचं नाही गं," बाबा म्हणाले. त्यांना बरेच दिवस अंधुक दिसत होतं आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांची सायकल बंद केली होती. ते माझ्याजवळ बसले आणि माझा एकेक भाग चाचपू लागले. टायरवर त्यांचा हात थांबला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, रस्त्यावर चाललं की झिजून जाणारे. ते सगळे शाबूत होते.

"छान झालीय गं," बाबा म्हणाले. "पण ही रस्त्यावर गेलीच नाही की."

ती त्यांच्याशेजारी येऊन बसली. "मला वाटलं, तुम्ही आहातच की, बाबा."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन एकटीच टाकीपर्यंत गेली. चढ कसला, नुसता उतरता-चढता रस्ता. माझ्या जुन्या ब्रेकांवर आणि जुन्या सीटवरही सहज पार झाला असता. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, जुनी वस्तू आणलीत तर तिची हौस जरूर करा, तिला तेलपाणी करा. पण कोणी दारात तुमची वाट बघत उभं असेल, तर आधी त्याच्याबरोबर जाऊन या. बाबांची काळी सायकल माझ्या शेजारीच भिंतीला टेकलेली असते. रविवारी सकाळी ते अजूनही चाचपडत येतात आणि तिच्यात हवा भरून जातात.