सहा बोटं वाळू

मी एक जुनी काचेची पेटी आहे. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, गौस काचवाल्याच्या दुकानाच्या माळ्यावर पडून असते. आता माझ्यात काचेचे तुकडे टाकतात. मित्रांनो, एके काळी माझ्यात समुद्र होता.

१९७३ साली गौसनं लोखंडी पट्ट्यांची चौकट केली, काचा बसवल्या, फटींत काचा चिकटवायची लांबी भरली. त्याची बायको नजीरा रत्नागिरीची. तिला समुद्राची आठवण येई, म्हणून हा खटाटोप. तिचे वडील मच्छीमार. मासळीच्या ट्रकमधून आंबा घाट चढून ते खाऱ्या पाण्याचे डबे आणत. दोन पट्टेदार मासेही त्यांनीच आणले.

गौसनं तळाला बोटभर वाळू पसरली. दिसायला ती छान दिसे. पण माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात नायट्रेट हा घातक क्षार साचू लागला. काचांवर शेवाळ धरलं. मासे कोपऱ्यात धापा टाकू लागले.

नजीराच्या वडिलांनी ते पाहिलं. "बाय, खाडीत वाळू बोटभर असते काय?"

पुढच्या खेपेला ते गोणभर वाळू घेऊन आले आणि सहा बोटांचा थर स्वतःच्या हातानं बसवून गेले. त्याच्या तळाशी हवा पोचेना. तिथली वाळू काळी पडली. पण तिथंच राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव नायट्रेट संपवू लागले. पाणी निवळलं. पेठेतली माणसं मला बघायला येऊ लागली.

दोन वर्षांनी वडील होडीसकट बुडाले. नजीरा नेसत्या कपड्यांनिशी रत्नागिरीला निघाली. शेजारच्या केरबा पैलवानाला म्हणाली, "भावजी, चिमूटभरच खाणं टाका. पाणी आटलं तर साधं पाणी घाला, मीठ आतच राहतं. बावाची एवढीच निशाणी हाय."

केरबा भला माणूस. रोज येऊन माझ्यासमोर बसे. एक दिवस त्याला तळाचा काळा पट्टा दिसला.

"गौसभाई, वाळू मराय लागलीया की."

"वाळू कुठं मरती व्हय?"

"तालमीतला कुस्तीचा हौदा चार दिस खणला न्हाय तर माती आंबती. ही तर पाण्यात हाय. खालवर कराय पायजे."

"नजीरा काय बोलली न्हाय तसं."

"वहिनींनी कवा हौदा खणलाय?"

गौस हसला. केरबानं बाह्या सारल्या आणि हौदा खणावा तसा तळापर्यंत हात घातला. काळा गाळ उसळला. सडक्या अंड्याचा वास दुकानभर पसरला. तळाशी कोंडलेला विषारी वायू पाण्यात मिसळला होता. दिवेलागणीला दोन्ही मासे उलटे तरंगत होते. केरबा ओल्या हातांनी तसाच बसून राहिला.

नजीरा परतली.

"वहिनी, चांगलं व्हावं म्हणून केलं," केरबा म्हणाला.

"ठाऊक हाय मला."

"परत भरूया की. पाणी मी आणतो, मासं आणतो."

"पाणी मिळंल, मासंबी मिळतील. ती वाळू बावानं बसवलेली."

मला पुन्हा कुणी भरलं नाही. खाऱ्या पाण्यानं गंजलेले माझे कोपरे आता झडत आहेत.

मित्रांनो, दुसऱ्याचं काही सांभाळायला घेतलंत, तर नुसती माया पुरत नाही. ते कशावर जगतं, हे आधी विचारा. केरबाची माया खोटी नव्हती. रत्नागिरीला एक पोस्टकार्ड टाकलं असतं, तर ते दोन मासे जगले असते.