दार नसलेली टपालपेटी

मी एक जुनी टपालपेटी आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर ऊन खात उभ्या असतात तसली नव्हे, मी पुठ्ठ्याची. माझा जन्म एका लग्नासाठी झाला. पाहुण्यांनी आणलेली शुभेच्छांची कार्डे पोटात सांभाळायची, एवढेच माझे काम. मित्रांनो, ते काम मी इतके चोख केले की आजही आठवले की मान खाली जाते. पेटीला मान नसते, ही गोष्ट वेगळी.

मला नवरीच्या बाबांनी घडवले. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि ब्रश सुटला. लग्नघरात जो तो धावपळ करत होता आणि बाबांना मात्र सगळे "तुम्ही बसा हो" म्हणत होते. बसून बसून कंटाळलेल्या बाबांनी शेवटी पंख्याचे रिकामे खोके पुढे ओढले. म्हणाले, "कार्डांची पेटी मी करणार. कुणी मध्ये लुडबुड करायची नाही."

त्यांनी खळीने माझ्या अंगावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, थरावर थर. तळ फाटू नये म्हणून तिथे आणखी थर दिले. तोंडाच्या आत एक तिरकी पट्टी बसवली, कुणी बोटे घालून कार्ड काढू नये म्हणून. मग लाल रंग. तो वाळल्यावर डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरून त्यांनी लिहिले, 'शुभेच्छा इथे टाका'. अक्षरे जराशी डगमगली. लेक मला लेस आणि कागदी फुले लावायला आली, ती अक्षरे पाहून आधी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

लग्नात माझे कोण कौतुक झाले! "अगदी खरी वाटते हो!" मी फुगून बसले होते.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे नवरीची आत्या, एकटी राहायची. तिने कार्ड आणले होते, पण लिहिले नव्हते. माझ्या सपाट डोक्यावर ते ठेवून, स्वतःशी पुटपुटत तिने लिहिले, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. 'गडबड संपली की बाबांना घेऊन चार दिवस माझ्याकडे राहायला ये. कधी येतेस ते कळव.' कार्ड माझ्या तोंडात टाकून, शेवटची बस चुकेल म्हणून ती न जेवताच निघाली.

सगळे आटोपल्यावर नवरदेवाने मला फिरवून फिरवून पाहिले. "पण ही उघडायची कुठून?"

बाबा दार ठेवायलाच विसरले होते. हशा पिकला. बाबांचा चेहरा माझ्याइतका लाल झाला. "सुरी आणा," ते म्हणाले.

लेकीने मला कवटाळले. "हात लावायचा नाही कुणी! बाबांचं शेवटचं काम आहे हे." बोलल्यावर तिने जीभ चावली. "म्हणजे, सगळ्यात सुंदर काम. कार्डांचं नंतर बघू."

मित्रांनो, 'नंतर' हा फार लबाड शब्द आहे.

नव्या घरी मी कपाटावर विराजमान झाले. लेक मला मऊ फडक्याने पुसायची. कधी उलटी करून हलवायची, पण बाबांची पट्टी एकही कार्ड सोडत नसे. "माझं कार्ड आवडलं का गं?" कुणी विचारले की ती म्हणायची, "हो, खूप!" आणि घरी येऊन माझ्याकडे पाहायचे टाळायची.

बाबा यायचे, चहा घ्यायचे आणि तोच विषय काढायचे. "ताई न जेवता गेली. माझ्याच तोंडून काहीतरी गेलं असणार."

"मग फोन करा ना, बाबा."

"कुठल्या तोंडानं करू?"

आणि वर कपाटावर मी मख्खासारखी बसलेली, उत्तर पोटात घेऊन. बोलता येत नाही याचे इतके वाईट मला कधीच वाटले नव्हते.

एक दिवस बाजारात लेकीला आत्याची शेजारीण भेटली. "कार्ड वाचलंस ना आत्याचं? मग गेली का नाहीस? वाट बघून थकली बिचारी." या वेळी तिला 'हो' म्हणता आले नाही. घरी येऊन तिने मला खाली उतरवले आणि बाबांसमोर ठेवले.

बाबांनी सुरी घेतली.

"पण तुमचं काम, बाबा..."

"दार नसलेलं काम अर्धंच असतं, बाळा. आज पुरं करतो."

हात थरथरला आणि माझ्या पाठीला दार झाले वेडेवाकडे. कार्डे भसाभस बाहेर आली. आत्याचे कार्ड बाबांनी वाचले, पुन्हा वाचले आणि नुसते हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी ते दोघे आत्याकडे गेले. बाबांनी मलाही मांडीवर घेतले होते, पुरावा म्हणून. आत्याच्या बाहेरच्या खोलीत दोन खाटा घातलेल्या होत्या. दोन्ही उशांवर नवे निळे टॉवेल, घडी न मोडलेले. खिडकीतल्या उन्हाने वरच्या घडीचा रंग पार उडाला होता.

"ताई, दार ठेवायलाच विसरलो गं," बाबांनी मला पुढे केले.

आत्याने माझ्या दारातून हात आत घालून पाहिला. "एवढंच होय? आणि मी समजले, मी नकोशी झाले." मग म्हणाली, "मीही एक फोन करायला हवा होता. पण दोनदा कसं विचारायचं रे?"

बाबांनी त्यातलाच एक टॉवेल उचलून तोंड पुसले आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

आता मी आत्याकडेच असते. ती माझ्यात लोकरीचे गुंडे ठेवते. मित्रांनो, कुणी हाताने केलेली वस्तू मिळाली तर जरूर जपा. पण ती उघडायची वेळ आली तर खुशाल उघडा, फाटली तर फाटू द्या. तिच्या पोटात कुणी माणूस ताटकळत असेल.

ते टॉवेल आता रोज वापरात आहेत, पण घडीवरचा उडालेला रंग काही परत आला नाही. माझा लाल रंग मात्र अजून नव्यासारखा आहे. लोक त्याचे कौतुक करतात, आणि मला त्याचीच लाज वाटते.