चार मिनारच्या आधीचं दार

सकाळी साडेसातला शराफत-यांगाचा फोन आला. शराफत माझ्या थोरल्या भावाची, नुसरत-अकाची बायको. आई, आमची ओया, त्यांच्याकडेच असायची.

"महफिरत, ओयांना जरा बरं नाहीये गं," ती म्हणाली. "तुझं नाव घेतायत. घाई काही नाही, सवडीनं ये. काल दोन चमचे पेज घेतली त्यांनी."

मी उभ्यानंच चहा पीत होते. हे ऐकल्याबरोबर मी कप ठेवून धावत सुटायला हवं होतं. आमच्या बुखाऱ्यात वाईट बातमी कुणी सरळ सांगत नाही. माणूस गेलेला असला तरी घरच्यांना 'जरा बरं नाही, येऊन जा' एवढंच कळवतात. माझ्या चुलत बहिणीला तिच्या नवऱ्याच्या मयताला मीच आणलं होतं, आणि वाटेत तिला त्याच्यासाठी खरबूज निवडून घेऊ दिलं होतं. 'घाई नाही' म्हणजे जिवाच्या आकांतानं ये. मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं आज मी म्हटलं तर ते खोटं होईल.

पण नऊ वाजता किल्ल्यासमोर माझे सहा पाहुणे उभे राहणार होते. किल्ला, कलान मिनार, घुमटांचे बाजार, हौज आणि शेवटी चार मिनार असा दोन तासांचा फेरा. आमच्या आईचं घर चार मिनारच्या अलीकडच्या गल्लीत, अगदी वाटेवर. अकरापर्यंत तिथं पोचलेच असते. पाहुण्यांना फोटो काढत सोडायचं आणि दहा मिनिटं आत जाऊन यायचं, असा हिशेब मी मनात बांधला. शहाणपणाचा वाटला मला तो.

खरं कारण दुसरंच होतं. मला आईची भीती वाटत होती.

चार वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा मी अकरा जणांना घेऊन दूर खिव्यात होते. तेव्हाही यांगाचाच फोन होता, आणि तेव्हाही 'जरा बरं नाही'च होतं. ऐन हंगाम, पुढचे दोन दिवस बांधलेले. मी ते शब्द जसे ऐकले तसेच घ्यायचं ठरवलं. पोचले ती तिसऱ्या दिवशी. वडलांना पहिल्याच दिवशी मातीआड केलं होतं. आई निळा रुमाल बांधून बायकांच्या मधोमध बसली होती. मला बघून ती रडली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या मागं परकेच रडू देत. मी तुझ्यावर राजी नाही."

आईनं लेकीला हे म्हणायचं नसतं. आमच्यात मरणारा माणूस सगळ्यांकडून राजीपणा मागतो आणि सगळ्यांना देतो. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही, तुझ्या मनात माझ्याबद्दल काही राहू नये, एवढंच ते असतं. आईनं तो न देता डोळे मिटले तर पोरीनं पुढचं आयुष्य कुठल्या तोंडानं काढायचं? चार वर्षं मी दर ईदला गेले. दर खेपेला ती भिंतीकडं तोंड करून पडायची आणि यांगा माझ्यापुढं चहा ठेवायची. आता ती माझं नाव घेत होती. देण्यासाठी घेत होती की पुन्हा नाकारण्यासाठी, ते मला ठाऊक नव्हतं. ते कळण्याआधी मला दोन तास हवे होते.

किल्ल्यासमोरच्या बाकावर मुनीरा बसली होती. तीही गाईड, माझ्याच हाताखाली तयार झालेली. त्या दिवशी तिच्याकडं गट नव्हता. "आपा, आज मी मोकळी," ती हसून म्हणाली, "माश्या मारतेय." माझे सहा जण मी तिच्या हवाली केले असते तर तिनं आनंदानं नेले असते. मी तिला म्हटलं, "मार की मग, जपून मार, पाहुण्यांना दिसू देऊ नकोस." आणि पुढं निघाले.

सहा जण तसे बरे होते. दोन लिथुआनियन मैत्रिणी सारख्या पाणी प्यायच्या आणि सारख्या स्वच्छतागृह विचारायच्या. एक अबोल डॅनिश बापलेक. दुआर्ते नावाचा पोर्तुगीज, त्याचा कॅमेरा त्याच्या पोटाहून मोठा होता. आणि हानलोरे, सत्तरीची जर्मन शाळामास्तरीण, वही घेऊन आलेली. मी सांगेन ते ती लिहून घ्यायची आणि चुकलं की बोटानं वहीवर टकटक करायची.

"मघाशी तुम्ही बाराव्या शतकात म्हणालात."

"तुम्ही मला नापास करणार बहुतेक," मी म्हटलं. सगळे हसले.

कलान मिनारपाशी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. तिथं मी पंधरा मिनिटं बोलते. त्या दिवशी मी पाऊण तास बोलले. चंगीझखानाची टोपी कशी पडली ते सांगितलं, वरून कुणाकुणाला ढकलायचे ते सांगितलं, विटांच्या एकेका पट्ट्याची नक्षी मोजून दाखवली. कुणी विचारलं नव्हतं. दुआर्तेची बायको सोबत नव्हती म्हणून तो निवांत होता, बाकीचे सावलीत पाय मोकळे करत होते, आणि माझा घसा आपोआप चालला होता. इतकं चांगलं मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. पर्समध्ये फोन दोनदा थरथरला. बोलताना फोन बघायचा नाही, पाहुण्याचा अपमान होतो, हे मीच नव्या मुलींना शिकवते. मी माझाच नियम पाळला.

मग टोप्यांच्या बाजारात लिथुआनियन मैत्रिणींना टोपी घ्यायची होती. मी म्हणू शकले असते, नंतर घ्या. उलट मीच त्यांना तिसऱ्या दुकानात घेऊन गेले, तिथलं भरतकाम चांगलं म्हणून. हौजाकाठी तुतीच्या झाडाखाली चहा झाला. तो फेऱ्यात नव्हताच. हानलोरे घड्याळाकडं बघून म्हणाली, "आपल्याला उशीर नाही का होत?"

"बुखाऱ्यात उशीर होत नसतो," मी म्हटलं. पाहुण्यांना असली वाक्यं आवडतात. तिनं तेही वहीत लिहून घेतलं.

चार मिनारच्या गल्लीत वळलो तेव्हा एक वाजायला आला होता. ऊन सरळ डोक्यावर, मातीच्या भिंती तापलेल्या. मी पुढं, हातात माझी पिवळी छत्री उंच धरलेली, मागं ओळीनं सहा जण. वळण घेतलं आणि मला आमचं दार दिसलं. दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या. दाराच्या दोन्ही बाजूंना चार पुरुष उभे होते, चापन म्हणजे लांब अंगरखे घातलेले, कमरेला रुमाल घट्ट बांधलेले, डोक्यावर टोप्या. नुसरत-अका काठीवर दोन्ही हात टेकून वाकला होता.

ऐन उन्हात आमच्या गल्लीत पुरुष असे एकाच कारणासाठी उभे राहतात.

"वा!" मागून दुआर्ते म्हणाला. "हा काय कार्यक्रम आहे? लग्न?" कॅमेऱ्याचा आवाज आला.

आणि मी उत्तर दिलं. माझ्या तोंडातून माझा कामाचा आवाज निघाला, स्वच्छ, प्रत्येकाला ऐकू जाईल असा. "नाही, लग्न नाही. आमच्याकडं घरात कुणी वारलं की त्या घरचे मुलगे आणि जवळचे पुरुष असा चापन घालून, कमरेला रुमाल बांधून दाराशी उभे राहतात. येणारा-जाणारा त्यावरूनच ओळखतो. बाहेर दुसरं काही सांगावं लागत नाही. मुलाच्या हातात काठी असते. त्याचा आधार गेला म्हणून. मातीला त्याच दिवशी नेतात, ऊन उतरायच्या आत. बायका कबरस्तानात जात नाहीत, त्या आत असतात..."

मी थांबत नव्हते. बोलत राहीन तोवर ते दुसऱ्या कुणाचं तरी घर होतं. लिथुआनियन मैत्रिणी मान हलवत होत्या. अबोल डॅनिश मुलानं टोपी काढून हातात घेतली होती. हानलोरे लिहीत होती, मग तिनं वर बघितलं, काठीवरच्या माणसाकडं, मग माझ्याकडं. अका आणि मी तोंडावळ्यानं एक आहोत. तिनं वही मिटली आणि दुआर्तेचा कॅमेरा हातानं खाली केला.

"महफिरत," ती म्हणाली, "हे कुणाचं घर आहे?"

"माझ्या आईचं."

ते शब्द परक्या भाषेत माझ्या तोंडून निघाले. आईच्या मरणाची बातमी मी पहिल्यांदा एका पाहुणीला दिली, आणि तीसुद्धा तिनं प्रश्न विचारला म्हणून.

अकानं मान वर केली. त्याचे डोळे सुजले होते. तो आमच्या भाषेत, अगदी हळू म्हणाला, "झालं सांगून? का आतसुद्धा फिरवणार आहेस त्यांना?"

हानलोरेनं माझ्या हातातून छत्री काढून घेतली. बाकीच्या पाचांना गोळा करून ती त्यांना घेऊन गेली. कुठं गेले, चार मिनार पाहिला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही कधी.

आमच्यात लेक माहेरच्या मयताला शिरताना उंबऱ्यातूनच हंबरडा फोडते. 'वाय, ओयाजान!' असा, की पलीकडच्या गल्लीला कळावं. मी उंबरा ओलांडला आणि तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. सकाळपासून चार तास तो वापरून संपवला होता. अंगणातल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. एक शेजारीण दुसरीला म्हणाली, "परक्यांपुढं बरा चालतो गं हिचा घसा." मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली. खोटं काही बोलली नाही.

आईला अंघोळ घालून झाली होती. अंघोळ घालणाऱ्या म्हातारीनं माझ्यासाठी तिच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. "आसवं कफनावर पडू देऊ नकोस," ती म्हणाली. आईचं तोंड भिंतीकडं नव्हतं. वर, छताकडं होतं. चार वर्षांत मी तिला अशी समोरून पाहिली नव्हती. बारीक झाली होती, भुवया पार पांढऱ्या. मला माहीतच नव्हतं.

यांगा माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नकोस. राजी होत्या गं तुझ्यावर. शेवटी मला म्हणाल्या, महफिरतला सांग, मी तिच्यावर राजी आहे."

माझा सगळा जीव तिच्या तोंडाकडं लागला. "कधी म्हणाली?"

"सकाळी. म्हणजे... सकाळीच. नंतर पण म्हणाल्या."

"काय शब्द होते? नेमके?"

"अगं, हेच. राजी आहे म्हणाल्या." तिनं नजर चहाच्या वाटीकडं वळवली आणि वाटी उगाच सरळ केली. "घे, दोन घोट घे. गरम आहे."

गोड बाई आहे यांगा. साऱ्या आयुष्यात तिनं कुणाला लागेल असं एक वाक्य उच्चारलेलं नाही. माणूस शेवटचे श्वास घेत असतानाही ती 'घाई नाही' म्हणते. मी तिचा हात धरला आणि मला वाटलं, या हातावर विश्वास ठेवावा, आता दुसरं काय आहे? ठेवता येईना. वडील गेले तेव्हाही मला याच आवाजात सगळं ठीक असल्याचं कळलं होतं.

नुसरत-अकाला गोड बोलता येत नाही. लहानपणापासून नाही. जनाजा उचलायला पुरुष आत आले तेव्हा मी त्याच्या चापनाची बाही धरली.

"अका, यांगा म्हणते ओया माझ्यावर राजी होती. होती का?"

त्यानं बायकोकडं बघितलं. यांगानं मान खाली घातली. त्यानं कमरेचा रुमाल पुन्हा आवळला. खोटं बोलायचा प्रयत्न करत असावा. मग त्याला ते जमलं नाही.

"राजी आहे असंही म्हणाली नाही आणि नाही असंही म्हणाली नाही," तो म्हणाला. "दाराची कडी वाजली की विचारायची, कोण आलं? शेजारीण आली, डॉक्टर आला, इमामसाहेब आले. दर वेळी विचारायची. मी सांगायचो, अमका आला. मग डोळे मिटून घ्यायची. साडेअकरानंतर विचारलं नाही."

मी त्याची बाही सोडली. त्याला जनाज्याचा पुढचा दांडा धरायचा होता.

बाहेर गल्लीत पुरुषांची गर्दी जमली होती. आम्ही बायका दाराच्या आत थांबलो. इमामसाहेबांनी रीतीप्रमाणे मोठ्यानं विचारलं, "ही बाई कशी होती?"

"चांगली होती!" गल्ली म्हणाली.

"तिच्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. तुम्ही सगळे तिच्यावर राजी आहात?"

"राजी! राजी!"

मीही म्हणाले. आता कुठं माझा आवाज फुटला होता, आणि तो इतका मोठ्यानं फुटला की दोन-तीन पुरुषांनी वळून पाहिलं. राजी, ओया, मी राजी. मी ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, यांगानं तोंडावर हात ठेवेपर्यंत. तिच्यासाठी साऱ्या गल्लीला विचारून झालं होतं. माझ्यासाठी जिला विचारायचं होतं ती खांद्यांवर होती, आणि आमच्याकडं जनाजा घेऊन पुरुष फार भरभर चालतात.